दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ: स्वतःचा हिशेब स्वतः कसा मांडावा

लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती, हे शोधायला गेलात तर एका ठिकाणी ५,५४० दिसेल, दुसरीकडे ५,५५५, तिसरीकडे ३,४५१ आणि चौथीकडे ३,०००. नवखा माणूस इथेच अडखळतो आणि जो आकडा आधी दिसला तो धरून पुढे जातो. खरं तर चारही आकडे बरोबर आहेत. पहिला पृथ्वी चेंडूसारखी गोल धरून काढलेला, दुसरा ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे लक्षात घेऊन. तिसरा मैलांत आहे आणि चौथा सागरी मैलांत. वेळेचा गोंधळ याहून मोठा, कारण याच दोन शहरांमध्ये एका दिशेला वेळापत्रकात आठ तास असतात आणि उलट दिशेला सात.

अंतर काढणं अवघड नाही. "कुठलं अंतर?" आणि "कुठला वेळ?" हे दोन प्रश्न आधी विचारायची सवय मात्र लागावी लागते. ती लागली की तिकीट पाहताना, जोडविमानाचं गणित करताना किंवा कुणाला आणायला जाताना दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबावं लागत नाही. हा लेख त्या सवयीसाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत लंडन–न्यूयॉर्कचंच ठेवतो, म्हणजे प्रत्येक पायरीला आकड्याचं काय होतं ते दिसेल.

पहिली पायरी: शहर नव्हे, विमानतळ पक्का करा

शहराला एकच बिंदू नसतो. संकेतस्थळं बहुतेक वेळा शहराचा मध्य धरतात, विमान मात्र विमानतळावरून उडतं. टोकियोचंच बघा. हानेदा विमानतळ शहराच्या मध्यापासून साधारण १५ किलोमीटरवर आहे आणि नारिता सुमारे ६० किलोमीटरवर. आकाशात या फरकाला फारशी किंमत नाही, पण उतरल्यावर घरी पोचायला लागणाऱ्या वेळात तो तासाभराचा होऊ शकतो. लंडनच्या नावावर तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी आणि साउथएंड असे सहा विमानतळ आहेत. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर मधला रस्त्याचा प्रवास हाच सगळ्यात बेभरवशाचा भाग ठरतो.

म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचायला शिका. हीथ्रोचा एलएचआर, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके, हानेदाचा एचएनडी, नारिताचा एनआरटी. एकाच नावाच्या शहरांमध्ये तर हा कोडच तारतो. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. पहिल्याचा कोड एसजेसी, दुसऱ्याचा एसजेओ, म्हणजे एका अक्षराचा फरक. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातही आहे, आणि ऑस्ट्रेलियाला म्हणून निघालेले प्रवासी तिथे जाऊन उतरल्याचे प्रसंग खरोखर घडले आहेत.

दुसरी पायरी: सपाट नकाशा बाजूला ठेवा

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायचा मोह होतो. तो टाळा. गेरार्डस मर्केटरने १५६९ साली जी पद्धत आणली, तिच्या नकाशावर दिशा नीट राहतात, म्हणून खलाशांना ती सोयीची होती. पण विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका प्रदेश फुगत जातो. त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या साधारण चौदापट आहे. अशा नकाशावर पट्टीने काढलेली सरळ रेघ ही बहुतेक वेळा सर्वांत जवळची वाट नसते.

जवळची वाट बघायची असेल तर पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा घ्या. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरच्या सुमारे ४२५ किलोमीटरएवढा. दोऱ्याचं एक टोक लंडनवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि हलके ताणा. दोरा आपोआप थोडा उत्तरेकडे सरकेल आणि आयर्लंडवरून, न्यूफाउंडलंडच्या जवळून जाईल. मग तो उचलून पट्टीवर ठेवा. साधारण १३ सेंटिमीटर भरेल. १३ गुणिले ४२५ म्हणजे ५,५२५. दोऱ्याने काढलेलं उत्तर खऱ्या आकड्याच्या इतकं जवळ येतं. मुलांना भूगोल शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा तरी करून दाखवावा असं मला मनापासून वाटतं, कारण ताणलेला दोरा हातात धरल्यावर "विमान असं वाकडं का जातं?" हा प्रश्नच उरत नाही. विमान सरळच जातं, वाकडा असतो तो नकाशा.

या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने गोल कापला तर कडेला जे वर्तुळ दिसेल, त्याचाच हा तुकडा. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, चाळीस अंशांच्या थोडं वर. तो अक्षांश धरून नाकासमोर पश्चिमेला गेलं तर सुमारे ५,९३० किलोमीटर पडतात. बृहद्वृत्ताने गेलं तर वाट मध्ये ४६ अंश उत्तरेपर्यंत चढते आणि पुन्हा खाली येते, तरी अंतर भरतं सुमारे ५,७६० किलोमीटर. वर चढूनही १७० किलोमीटर वाचले.

तिसरी पायरी: अंतराचं गणित

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश मिळवा. नकाशाच्या कुठल्याही ॲपमध्ये त्या जागेवर बोट दाबून धरलं की ते दिसतात. हीथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. केनेडी: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे लिहायचे.

आता सूत्र. पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याचा साइन. त्यात मिळवायचं: पहिल्याचा कोसाइन गुणिले दुसऱ्याचा कोसाइन गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. जे उत्तर येईल तो दोन शहरांमधल्या कोनाचा कोसाइन.

आपल्या उदाहरणात रेखांशांतला फरक ७३.३३ अंश.
०.७८२३ × ०.६५१३ = ०.५०९५
०.६२२९ × ०.७५८८ × ०.२८६९ = ०.१३५६
बेरीज ०.६४५१, आणि हा ज्याचा कोसाइन आहे तो कोन ४९.८३ अंश.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.१९ किलोमीटर पडतात. ४९.८३ ला त्याने गुणा: सुमारे ५,५४०. सुरुवातीच्या चारांपैकी पहिला आकडा हाच. विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवांपाशी ६,३५७, हा चपटेपणा हिशेबात घेणारी सूत्रं थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली दिली. ती वापरली की ५,५५५ च्या आसपास उत्तर येतं. गोल धरल्याने होणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. प्रवासी म्हणून आपल्याला तेवढ्याने काही फरक पडत नाही, तेव्हा मोठ्या सूत्राच्या मागे लागू नका.

चुका होतात त्या वेगळ्याच ठिकाणी. अंश आणि मिनिटं दशांशात बदलताना सर्वांत जास्त. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, १८.३० नव्हे. साठ मिनिटांचा अंश असतो हे विसरलं की इथेच ०.२ अंशाची, म्हणजे तब्बल २२ किलोमीटरची चूक होते. दुसरी चूक कॅल्क्युलेटरची. तो अंशांवर आहे की रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक), ते आधी बघा. स्प्रेडशीट तर त्रिकोणमितीसाठी रेडियनच मागते. तिसरी, उणे चिन्ह राहून जाणं. लंडन–न्यूयॉर्कमध्ये एकाच रेखांशाचं चिन्ह विसरलात तर फरक ७३.३३ ऐवजी ७४.२३ होईल आणि उत्तर खोटं असूनही पटण्यासारखं दिसेल. ही जात सगळ्यात वाईट. म्हणून गणित झालं की दोऱ्याचा अंदाज शेजारी ठेवून बघावा.

शहरं अगदी जवळ असतील तर हे कोसाइनचं सूत्र लंगडतं, कारण एकाच्या अगदी जवळच्या कोसाइनमधून कोन काढताना कॅल्क्युलेटरला अंक कमी पडतात. तिथे हॅवरसाइन नावाचं सूत्र वापरतात. बहुतेक संकेतस्थळांच्या पोटात तेच असतं.

एककांचं एकदाच पाठ करून टाका: मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं अंतर हा सागरी मैलाचा मूळ अर्थ. वैमानिक आजही त्यातच बोलतात, आणि तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. नुसतं "मैल" लिहिलेलं दिसलं की कुठला मैल ते विचारा, कारण दोघांत १५ टक्के फरक आहे.

चौथी पायरी: विमान खरंच किती उडेल

आतापर्यंत काढलं ते कमीत कमी अंतर. विमान त्याहून जास्तच उडतं. ज्या धावपट्टीवरून उडायचं ती भलत्याच दिशेला असते, उतरताना रांगेत वळसे घ्यावे लागतात, मध्ये वादळ असतं. माझा ठोकताळा पाच टक्क्यांचा आहे. ५,५५५ चे ५,८३० धरायचे.

पण काही वाटांवर पाच टक्क्यांनी भागत नाही, आणि तिथलं कारण माहीत असलेलं बरं.

आकाश देशांचं असतं. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि फिनएअरचं हेलसिंकी–टोकियो विमान, जे नऊ-साडेनऊ तासांत पोचायचं, त्याला तेरा तासांच्या आसपास लागू लागले. शहरं जिथल्या तिथे, बृहद्वृत्तही तेच, आणि वेळ दीडपटीच्या घरात. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचं आकाश बंद होतं तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांनाही असाच मोठा वळसा पडला, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. जुनी माहिती वाचून वेळ धरणाऱ्याची फसगत होते ती इथे.

दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांच्या आत कुठला तरी विमानतळ गाठता आला पाहिजे, अशीच वाट त्याला आखावी लागते. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि अटलांटिकवरच्या वाटा बऱ्याच सरळ झाल्या. आज एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे, त्यामुळे दक्षिण गोलार्धातल्या विमानतळ नसलेल्या महासागरांवरूनही दोन इंजिनांवर जाता येतं.

तिबेटच्या पठारावरून प्रवासी विमानं सहसा का जात नाहीत, हेही अनेकजण विचारतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट सुमारे १०,००० फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटर उंचीवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यातला प्राणवायू थोडी मिनिटंच पुरतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंचीवर आहे. खाली उतरायला जागाच नाही, म्हणून वाट बाजूने.

पाचवी पायरी: वेग आणि वारा

जेट विमानाचा वेग मॅकमध्ये, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पटीत सांगतात. साधारण अकरा किलोमीटर उंचीवर, जिथे तापमान उणे ५६ अंशांच्या जवळ असतं, तिथे ध्वनी ताशी सुमारे १,०६० किलोमीटरने जातो. एअरबस ए३२० मॅक ०.७८ ने उडतं, म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटर. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० मॅक ०.८५ ने, म्हणजे ताशी सुमारे ९००. पंख्याचं एटीआर ७२ असेल तर ताशी ५०० धरा. तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघून यातला आकडा निवडायचा.

आपलं लंडन–न्यूयॉर्क: ५,८३० भागिले ९०० म्हणजे साडेसहा तासांना थोडं कमी. त्यात जमिनीवर फिरणं, चढणं, उतरणं यांसाठी अर्धा तास मिळवा. विमानतळ गर्दीचा असेल तर चाळीस मिनिटं. उत्तर सात तास. वारा शून्य असता तर हेच खरं ठरलं असतं.

वारा कधीच शून्य नसतो. मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार झोत असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोर धरतात. पूर्वेला जाणारं विमान त्यांच्या पाठीवर बसतं, पश्चिमेला जाणारं त्यांच्याशी झुंजतं. ९ फेब्रुवारी २०२० ला कियारा वादळाच्या वाऱ्यात ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण तो वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजायचा असतो. नदीत पोहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेला जाताना वेळ वाचायला हवा, असं कुणीतरी हमखास म्हणतं. तसं होत नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. फरक पडतो तो वाऱ्याने.

अंदाजासाठी: मध्य अक्षांशांवरच्या लांब प्रवासात पूर्वेला जाताना दहा टक्के वजा करा, पश्चिमेला जाताना दहा टक्के मिळवा. उत्तर-दक्षिण प्रवासाला काहीच करू नका. टोकियो–सॅन फ्रान्सिस्को घ्या. अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर, पाच टक्के धरून ८,७१५, भागिले ९००, अधिक अर्ध्या तासाहून थोडं जास्त: सव्वादहा तास. पूर्वेला सव्वानऊ, पश्चिमेला सव्वाअकरा. वेळापत्रकात पूर्वेला साडेनऊच्या आणि पश्चिमेला अकराच्या आसपास सापडतील. घरबसल्या काढलेल्या अंदाजाला एवढी अचूकता पुष्कळ झाली.

जाताना वाया गेलेला वेळ येताना भरून निघतो, हेही खरं नाही. ५,००० किलोमीटर, वेग ९००, वारा १००. वाऱ्याविरुद्ध सव्वासहा तास, वाऱ्याबरोबर पाच तास, एकूण सव्वाअकरा. वारा नसता तर जाऊन-येऊन अकरा तास सात मिनिटं लागली असती. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून तोटा नेहमी फायद्याहून मोठा.

यामुळेच सर्वांत जवळची वाट ही नेहमी सर्वांत लवकर पोचवणारी नसते. अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज घेऊन रोज दोनदा नव्या वाटा आखल्या जातात, दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेला येणाऱ्यांसाठी. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० वर गेली आणि तरी विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोचलं. सगळा वारा पाठीशी होता.

सहावी पायरी: कुठला वेळ?

माझी आत्या सत्तरीत पहिल्यांदा विमानात बसली. मी एका संकेतस्थळावर शहरांची नावं टाकली, "विमानाचा वेळ ६ तास ५५ मिनिटं" असं आलं आणि त्यावरून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर काढून दिलं. ते संकेतस्थळ अंतराला एका ठरावीक वेगाने भागत होतं, एवढंच. वारा नाही, धावपट्टीपर्यंतचं फिरणं नाही, दिशा नाही. तिचं विमान वेळेवर निघालं, वेळापत्रकाप्रमाणे वेळेवर उतरलं आणि तरी पुढचं सुटलं होतं. तिने रात्र खुर्चीवर काढली. तेव्हापासून मी तीन प्रकारचे वेळ वेगवेगळे ठेवतो.

हवेतला वेळ म्हणजे चाकं जमीन सोडतात तिथपासून टेकतात तिथपर्यंत. ब्लॉक टाइम म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून पोचलेल्या जागी थांबलं तिथपर्यंत. तिकिटावर असतो तो हाच. त्यात कंपन्या थोडा राखीव वेळही घालतात, म्हणून "विमान वीस मिनिटं आधी पोचलं" असं वरचेवर घडतं. आणि तिसरा, घरापासून घरापर्यंतचा वेळ.

शहरं जवळ असतील तर हा तिसराच निर्णायक. टोकियो–ओसाका हवाई अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास. विमान तासाभराचं, पण त्याच्या आधी-नंतरचे तास धरले तर अडीच तासांत शहराच्या मध्यातून मध्यात नेणारी शिंकान्सेन पुढे निघते. स्कॉटलंडमधल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये २.७ किलोमीटरचं विमान आहे, दोन मिनिटांच्या आत पोचणारं. तिथे अंतराला वेगाने भागण्यात काही अर्थच उरत नाही.

"डायरेक्ट" शब्दावरही विसंबू नका. एकच विमान-क्रमांक असला तरी मध्ये थांबा असू शकतो. थांबा नको असेल तर "नॉन-स्टॉप" शोधा.

सातवी पायरी: घड्याळं

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या शहराची आणि पोचायची वेळ पोचायच्या शहराची असते. दोन्ही आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत बदला, मगच वजाबाकी करा. समजा काठमांडूहून दुपारी १२:३० ला निघून इस्तंबूलला संध्याकाळी ५:४० ला पोचायचं आहे. नुसती वजाबाकी केली तर ५ तास १० मिनिटं. पण नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे आणि तुर्कस्तान ३ तास. म्हणजे निघणं ०६:४५ ला, पोचणं १४:४० ला. प्रवास ७ तास ५५ मिनिटांचा.

नेपाळचे पाऊण तास, भारताचा अर्धा तास आणि एवढ्या रुंद चीनमध्ये सगळीकडे एकच वेळ, ही उदाहरणं ध्यानात असू द्या. रेखांशावरून वेळ ताडू नका.

उन्हाळी वेळेचं बघा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या. अमेरिकेत ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या. त्यामुळे वर्षातले काही आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात पाचऐवजी चार तासांचा फरक असतो. विमान तेवढाच वेळ घेतं, तिकिटावरच्या वेळा मात्र तासाने सरकलेल्या दिसतात.

तारीखरेषा ओलांडताना तारीखही तपासा. टोकियोहून उन्हाळ्यात संध्याकाळी ५ ला निघून साडेनऊ तासांनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरलात तर तिथे त्याच तारखेचे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. उलट जाताना एक दिवस उडतो. पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात "+१" किंवा "+२" छापलेलं असतं, म्हणजे निघाल्यापासून एक किंवा दोन तारखा पुढे. कुणाला आणायला जाणाऱ्याने सर्वांत आधी ते वाचावं.

शेवटचं काम

आता तुमचा अंदाज आणि तिकिटावरचा वेळ शेजारी ठेवा. वीस-तीस मिनिटांचा फरक असेल तर सोडून द्या. तासाहून मोठा असेल तर कारण शोधा: थांबा आहे का, वळसा आहे का, घड्याळांचा हिशेब चुकला का. मग फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर तो विमान-क्रमांक टाका. गेल्या काही दिवसांत तेच विमान प्रत्यक्षात किती वाजता सुटलं आणि किती वाजता टेकलं, ते ओळीने दिसतं. पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर त्या यादीतली सरासरी घेऊ नका, सर्वांत उशिराचा दिवस घ्या आणि मधला वेळ त्यापासून मोजा.